अनामत

विद्यापीठ दाखवणारी मुलगी नव्या पोरांचा घोळका घेऊन ग्रंथालयात शिरली, मागोमाग गोदाक्काही. नातीला, तेजलला, एकटं सोडतेय होय! फडताळांत काचेच्या बरण्या काजव्यांसारख्या उजळत होत्या.

"पुस्तकं हवीत तर एक आठवण अनामत ठेवायची. चार वर्षांनी परत मिळते," मुलगी म्हणाली.

कुणी नदी ठेवली, कुणी अंगाई. गोदाक्का घोळक्यातून पुढे घुसली. तेजलच्या आठवणींत आजीशिवाय होतंच कोण?

"माझ्या शिव्या ठेव गं भवाने, मला नको ठेवूस."

तेजलनं बरणीत हलकेच फुंकर घातली. "घरची वाट ठेवली, आज्जे."

"मेले! सुट्टीला येशील कशी?"

"तू येशील ना न्यायला. दर सुट्टीला."

गोदाक्का त्या मुलीकडे वळली. "एवढं सगळं दाखवलंस, आता एस.टी.चा थांबा दाखव. नीट बघून ठेवते."