आधी गळ्याकडे बघा

ज्यांना साधं पाणीही गिळता येत नाही त्यांना पुन्हा गिळायला शिकवायचं, आणि ते कसं शिकवायचं हे कॉलेजात शिकवायचं, यातच माझी नोकरी सरली. पहिल्याच तासाला मी पोरांना दम द्यायची, "पेशंटनं घोट घेतला की तोंडाकडे बघू नका, गळ्याकडे बघा. कंठमणी वर जाऊन खाली येईपर्यंत नजर हलवायची नाही!" ही खोड मला घरीदारीही सुटली नाही. शेजारणीला कित्येक वर्षं वाटत होतं, माझा डोळा तिच्या हारावर आहे.

निरोप समारंभाला सभागृह गच्च भरलं होतं. बोलायला उभी राहिले आणि गळा असा दाटून आला की शब्दच फुटेना. तेव्हा पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत वर आले. माझे जुने पेशंट. पक्षाघातानंतर वर्षभर त्यांचं जेवण नाकातल्या नळीतून चालायचं. त्यांनी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

"घाई नाही, बाई. लहान घोट घ्या. हनुवटी खाली. हां, आता गिळा."

शब्द माझेच, दमही माझाच. मी मुकाट्यानं घोट घेतला, आणि हनुवटी खाली ठेवूनच समोर पाहिलं. माझी इतक्या वर्षांची पोरं बसली होती, काहींचे केस पिकलेले. मागच्या रांगेतली तर नीट दिसावं म्हणून उभी राहिली होती.

माझे डोळे घळाघळा वाहत होते. पण ते एकालाही दिसले नाहीत. सगळ्यांची नजर माझ्या गळ्यावर होती.