जळक्या टेकडीचे वारस

खड्डा तो केवढा, तर म्हैस बसेल एवढा. शेजारी जळून फुटलेल्या दगडांचा ढीग. दगड तापवून पाण्यात टाकायचे आणि आंघोळी उरकायच्या, असं हे हजारो वर्षांपूर्वीचं न्हाणीघर. तळाच्या गाळात राहिलेल्या मळावरून यंत्र त्या माणसांचे वंशज ओळखायचं, आणि नव्या कायद्यानं टेकडी त्यांचीच होणार होती.

टेकडीवर घर भागूआक्काचं. जिला ती ओट्यावर चढू देत नसे, त्या झुंबरलाही तिनं तपासणीला मुद्दाम बोलावलं.

"बघू दे गावाला," आक्का म्हणाली. "हिच्या बापजाद्यांनी अंगाला कधी ऊन पाणी लावलं असेल होय?"

झुंबरनं यंत्रावर बोट टेकवलं. हिरवा दिवा लागला.

"मेलं बिघडलंय!" म्हणत आक्कानं आपलं बोट टेकवलं. पदराला पुसून पुन्हा टेकवलं. दिवा काही लागला नाही.

"महिनाभरात घर सोडावं लागेल, आजी," यंत्र घेऊन आलेला सरकारी साहेब म्हणाला.

आक्का जागची हलेना. झुंबरनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आपल्या सुनेला हाक मारली.

"अगं, पाव्हण्या लांबून आल्यात. पाय धुवायला पाणी दे. चांगलं ऊन करून दे."