मेक इट अपचे दोन अर्थ

"वी मेड इट अप, आई," डेझमंडने अंगातला कोटही न काढता सांगितलं. मागे धाकटा अ‍ॅलेक मान हलवत उभा होता.

विनिफ्रेडबाई इस्पितळाच्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद आठ दिवस त्यांच्या उशीखाली कोरा पडून होता. दोघे भाऊ बोलू लागले तरच सही, असं त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं. बापाची शर्यतीची कबुतरं कोणी सोडून दिली, या वादात ते एकोणीस वर्षं ग्रिम्सबीत तीन गल्ल्यांच्या अंतरावर अबोल्याने राहत होते.

बाईंनी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. 'मेक इट अप'. अर्थ पहिला, भांडण मिटवणे. अर्थ दुसरा, थाप रचणे. इंग्रजांनी दोन्ही कामं एकाच शब्दात भागवली आहेत.

त्यांनी डेझमंडला चहा आणायला पिटाळलं आणि अ‍ॅलेकची उलटतपासणी घेतली. मग अ‍ॅलेकला बिस्किटांसाठी पाठवून डेझमंडची. भेटलात कुठे? रविवारी, पबमध्ये. खाल्लं काय? मटणाचा पाय; अ‍ॅलेकने वाटाणे टाकले. आधी रडलं कोण? डेझमंड, चष्म्यासकट. आणि बाहेर? धो धो पाऊस.

दोन्ही उत्तरपत्रिका शब्दाला शब्द जुळल्या. कॉपी पकडायची तर दोघांची सारखी चूक शोधावी लागते, हे बाईंना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी दोघांना पलंगासमोर उभं केलं.

"रविवारी दिवसभर मी या खिडकीशी होते. थेंब पडला नाही."

"मी सांगत होतो याला, पाऊस नको," अ‍ॅलेक पुटपुटला.

"झालं. दिलंस पकडून," डेझमंड म्हणाला.

"हे रचायला किती वेळ लागला?" बाईंनी विचारलं.

"दोन संध्याकाळी गेल्या," अ‍ॅलेक म्हणाला. "याच्या स्वयंपाकघरात."

"एवढ्याशा थापेला दोन?"

डेझमंड बुटांकडे बघत सांगू लागला. पहिल्या संध्याकाळी त्या पावसावरूनच त्यांचं कडाक्याचं वाजलं होतं. अ‍ॅलेक दार आपटून निघून गेला होता, पुन्हा तोंड बघणार नाही म्हणून.

"मग?"

"दुसऱ्या दिवशी हा दारात उभा. म्हणाला, चुकलो, दादा. राहू दे तुझा पाऊस."

बाईंनी नर्सकडे पेन मागितलं.