कपाटातली राणी

बोगोटाचा आन्सेल्मो मला मागणी घालायला आमच्या बारिचारा गावी आला, तो काचेच्या नळीत एक पोटुशी राणीमुंगी घेऊनच! "काकू, हिच्यापासून अख्खं वारूळ तयार होतं. कापूस ओला ठेवायचा, नळी अंधारात ठेवायची आणि महिनाभर अजिबात डोकावायचं नाही," त्याने आईला मन लावून समजावलं. आईने मान डोलावली आणि नळी घेऊन स्वयंपाकघरात गेली.

जेवायला बसलो, तर पहिलीच थाळी आली आमच्या गावच्या खास पक्वान्नाची, खरपूस भाजलेल्या टपोऱ्या मुंग्यांची. आन्सेल्मो पांढराफटक पडला.

"माझी राणी?"

"अरे, एका मुंगीत कुणाचं भागतंय? या बाजारातल्या. तुझी आहे कपाटात, अंधारात."

त्याचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात त्याने मूठभर मुंग्या कुरकुर चावून खाल्ल्या आणि धीर करून बाबांना विचारलं, "मग लग्न कधी धरायचं?"

बाबा निवांत दात कोरत म्हणाले, "घाई कशाला, जावईबापू? तुमच्या राणीला वारूळ वाढवू द्या. पंगतीला पुरतील एवढ्या झाल्या, की लगेच बार उडवून देऊ!"