तीन मीटरवर

पंधरा मीटर.

टीव्हीवर दोन यानं एकमेकांकडे सरकत होती. त्यांच्या जोडणीच्या कड्या भाग्येशने बनवल्या होत्या. या मुलाला वारून सहा महिने झाले, तरी भिकुबाईला अजून रडू आलं नव्हतं.

दहा मीटर.

अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या चुरचुरल्या.

"मिरच्यास्वर कोन चाली ऱ्हायना?" म्हणत दोधूने दारातून डोकावलं. रनाळे गावच्या भर उन्हात कोणीच नव्हतं. तो परत येऊन बायकोशेजारी बसला.

पाच मीटर.

पुन्हा चुरचुर. आता जवळ.

तीन मीटर.

यान थांबलं. अंगणातला आवाजही थांबला.

भाग्येशने एकदा दोन तांबे हातात घेऊन आईला समजावलं होतं. तीन मीटरवर थांबून यान परवानगी मागतं. हो म्हटलं तरच पुढे येतं, आणि मग कड्या लागतात.

"ये रे भाऊ," भिकुबाई लेकाला नेहमी म्हणायची तसंच, पण सपाट आवाजात म्हणाली. "घरमा ये."

"कोनाशी बोली ऱ्हायनी तू?"

उंबऱ्यावर मिरचीच्या बिया पडल्या. मग उंबऱ्याच्या आत पडल्या.

शून्य.

टीव्हीवर टाळ्या वाजल्या. दोघं जागेवरच बसलेली असताना दार हळूच लोटलं गेलं, आणि आतून कडी लागली.