दाद मागायची जागा

"त्या वेळी तुम्ही आमचेच होतात," समोरचे वकील अदबीनं म्हणाले.

दुभाष्यानं ते आत्याच्या कानातल्या यंत्रात सांगितलं. आत्यानं मान डोलावली, जणू कुणी जुनी सोयरीक सांगत होतं.

शेजारी बसलेल्या भाचीला मात्र त्या वाक्यातला डाव कळला. अकरा वर्षं तिनं या खटल्यापायी हाडांची काडं केली होती. परक्यांचं राज्य होतं तेव्हा गावच्या खाडीवर त्यांचा तांब्याचा कारखाना होता. गाळ थेट पाण्यात जायचा. आधी मासे उलटे तरंगले, मग माणसांची बोटं बधिर झाली. आत्याचा नवरा हातपाय लुळे पडून गेला. दोन मुलं पाळण्यातच गेली. पाणी अजून हिरवट आहे. त्या पाण्याच्या बाटल्या, नकाशे, डॉक्टरांचे कागद, सगळं भाचीनं जमवलं. साक्षीला आत्याला आणलं, कारण ते दिवस डोळ्यांनी पाहिलेलं एवढं एकच माणूस उरलं होतं.

"एका देशानं दुसऱ्या देशाचं पाणी नासवलं, तर हे न्यायालय बघतं," वकील म्हणाले. "तेव्हा दुसरा देश होताच कुठे?"

मधल्या न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मग या लोकांनी दाद मागायची कुठे?"

"गव्हर्नरसाहेबांच्या कचेरीत. सोय होती, बाई. पण दप्तरात त्या गावचा एकही अर्ज नाही."

भाची उठली. ते दप्तर तिनं स्वतः चाळलं होतं. खरंच नव्हता अर्ज. मोठी माणसं तोंड शिवून का बसली, याचा तिला लहानपणापासून राग होता.

तेवढ्यात आत्यानं कानातलं यंत्र काढलं. बोटांना ते धरवेना, दोनदा निसटलं.

"मी गेले होते की," ती म्हणाली.

हे ती घरात कधीच बोलली नव्हती. वकिलांचं पेन थांबलं. न्यायाधीशबाई पुढे झुकल्या. भाचीच्या जिवात जीव आला.

"आत्या, सांग. सगळं सांग. अर्ज दिला होतास?"

"मास्तरांकडून लिहून नेला होता. नवरा अंथरुणावर, धाकटा कडेवर. साहेब भला माणूस हो, मला बसायला खुर्ची दिली. अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून माझ्याच हातात परत ठेवला."

"का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. भाचीनं ते आत्याला सांगितलं.

"म्हणाला, बाई, आत्ता देऊन काय उपयोग? आत्ता तुम्ही आमचेच आहात. वर्षभरात तुमचा वेगळा देश होतोय. तो झाला की या, आणि आमच्याकडे हक्कानं मागा."