निरोगी नमुना

"रंगच बिघडलाय, मॅडम," मदतनीस म्हणाली. "निरोगी माणसाचं कातडंही चमकतंय."

संशोधिकेने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, त्या जोडावर एक प्रथिन हातभार लावत असतं. तेच बिघडलं की त्याच्या गुठळ्या होतात, निरोप अडतात आणि कंपवात जडतो. मानेच्या कातडीतल्या बारीक नसांतही त्या गुठळ्या सापडतात. रंग लावला की हिरव्या उजळतात. निरोगी नमुन्यात नुसता अंधार हवा. इथे हिरवे ठिपके होते.

तिने रंगाची नवी बाटली फोडली. बाकीचे निरोगी नमुने काळेभोर राहिले. हा एकटाच पुन्हा उजळला.

कुणाचा आहे हा, मदतनीसने विचारलं. तिने काचेवरचा क्रमांक वहीत पडताळला. निरोगी माणसं सहजी मिळत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेतले सगळे आपापल्या घरचीच धरून आणत. दोन वर्षांपूर्वी तिने नवऱ्याला आणलं होतं; हा नमुना त्याचाच. मानेवर पट्टी मिरवत तो सांगत सुटला होता की, लोक बायकोसाठी कातड्याचे जोडे करायचं नुसतं बोलतात, मी कातडं देऊन मोकळा झालो.

तोच माणूस हल्ली घरात असून नसल्यासारखा होता. ती काही गमतीचं सांगे, त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. बोलणं पुटपुटल्यासारखं. पुढ्यात दूध करपलं तरी त्याला वास नाही. बरोबर चालताना त्याचा हात अंगाशीच चिकटलेला, चुकूनही तिच्या हाताला लागत नसे. याचं मन उडालं, असं तिने धरून टाकलं होतं. स्वतःपुरती एक खोलीही पाहून ठेवली होती. आज त्याला सांगायचं होतं.

कंपवाताचं यातलं एकूणएक लक्षण ती विद्यार्थ्यांकडून घोकून घेत असे. घरी मात्र तिला फक्त रुसलेला नवरा दिसला होता.

संध्याकाळी त्याने दार उघडलं. चेहरा नेहमीसारखा कोरा. ती आत गेलीच नाही.

"माझ्यावर रागावलायस का रे?"

त्याने सावकाश दार पुरतं उघडलं.

"वेडी का तू," तो पुटपुटला. "आत्ताही तुझ्याकडे बघून हसतोय की मी."